माउका, माकाई: हवाईतले सहा दिवस

पहिला दिवस, शुक्रवार. होनोलुलू

"मावशी, बाहेर आलीस की माकाई बाजूला उभी राहा, मी पोचतेच." सामान हातात घेत होते तेव्हा भाचीचा हा निरोप आला. माकाई म्हणजे समुद्राकडची बाजू, माउका म्हणजे डोंगराकडची. बसचा चालक असो की फळं विकणारी बाई, इथे रस्ता असाच सांगतात. बेटावर डोंगर मध्ये आणि समुद्र भोवती, त्यामुळे उत्तर-दक्षिण म्हणून कुणाला काही कळत नाही. मला हे परकं वाटलं नाही. सावंतवाडीकडे आमच्या गावातही जमिनीची ओळख 'डोंगराकडचा मळा' आणि 'व्हाळाकडचा मळा' अशीच करून देतात.

भाची मानोआच्या विद्यापीठात जमिनीच्या जुन्या नोंदींवर पीएचडी करते. "ये एकदा, तुला दाखवायचंय काहीतरी," असं दोन वर्षं म्हणत होती. या सप्टेंबरात जमलं. पर्समध्ये पासपोर्टच्या मागे भावानं पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा होता. माहेरच्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत, त्यातलं एक माझं. परत आले की सही करते, असं त्याला सांगून निघाले होते.

संध्याकाळी वायकीकीला गेलो. उंच हॉटेलं, रांगेनं छत्र्या. वायकीकी म्हणजे उसळतं पाणी, असं भाची म्हणाली. मानोआ आणि पालोलो खोऱ्यांतले झरे इथे येऊन पसरत. अळूची खाचरं होती, मत्स्यतळी होती, नंतर भातशेती आली. १९२०च्या दशकात आला वाई नावाचा कालवा खणून पाणी वळवलं, पाणथळ भरून काढली, आणि जमीन 'मोकळी' झाली. कालव्याच्या काठानं चालताना मी खाली पाहत होते. पाणी हलतच नव्हतं.

दुसरा दिवस, शनिवार. हेएइया

कोओलाऊ डोंगराच्या पलीकडे, ओल्या बाजूला, हेएइया आहे. 'काकोओ ओइवी' ही संस्था तिथल्या पाणथळीत अळूची खाचरं पुन्हा उभी करते आहे. ठरलेल्या शनिवारी कुणीही मदतीला जावं. शेतात उतरण्याआधी सगळ्यांनी ओळीत उभं राहून जमिनीची परवानगी मागणारं स्तोत्र म्हटलं. मला शब्द येत नव्हते, हात जोडून उभी राहिले. आम्हाला काम दाखवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. इथे वडीलधाऱ्या माणसांना आंटी, अंकल म्हणतात, म्हणून मीही आंटीच म्हटलं.

अळूच्या खाचराला लोई म्हणतात, पाटाला आउवाई, आणि अळूला कालो. अळू तेच, आपलंच. पानं पाहून माझ्या मनात अळूवडीच आली. पण आपण पानांवर जीव टाकतो आणि हे लोक कंदावर. कंद काढला की त्याचा वरचा बोटभर भाग देठांसकट कापून ठेवतात. ती हुली. तीच पुन्हा चिखलात रोवायची. आंटीनं माझ्या हातात हुली दिली. ओला, थंड, फिक्या जांभळ्या कडेचा काप, वर वीतभर देठ, पानं छाटलेली. गुडघाभर चिखलात वाकून मी ती रोवली. ती कलंडली. आंटीनं माझ्या हातावर हात ठेवून ती पुन्हा सरळ रोवली आणि अंगठ्यानं बुंध्याशी चिखल दाबला. अगदी तरवा लावताना आई दाबायची तसा.

बांधावर बसल्यावर आंटीनं हालोआची गोष्ट सांगितली. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं, त्या जागी पहिला कालो उगवला. नंतर दुसरा मुलगा झाला, त्याचंही नाव हालोआ ठेवलं, आणि माणसं त्याची लेकरं. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्यानं धाकट्याला खाऊ घालावं, धाकट्यानं थोरल्याची सेवा करावी. जमिनीला हवाई भाषेत आइना म्हणतात, म्हणजे खाऊ घालते ती. आंटी हे सांगत होत्या तेव्हा एक हात पाण्यात होता, पाटात अडकलेलं गवत उपसत होता.

तिथून मागे पाहिलं तर कोओलाऊचे हिरवे कडे, पुढे कानेओहेचा उपसागर. हा सगळा पट्टा म्हणजे एक आहुपुआआ. डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंतचा जमिनीचा एक तुकडा. सीमेवर दगडांची रास आणि तिच्यावर डुकराची प्रतिमा ठेवत, माकाहिकीच्या सणात सारा तिथे जमा व्हायचा, म्हणून हे नाव (आहु म्हणजे रास, पुआआ म्हणजे डुक्कर). वरच्या रानातलं लाकूड, मधल्या उतारावरची रताळी आणि केळी, खालच्या सपाटीवरचं अळू, किनाऱ्याचं मीठ आणि मासे, यांवर त्या पट्ट्यातल्या सगळ्यांचा वावर. देखरेख कोनोहिकीची. कोकणातल्या माणसाला इथे लगेच खोत आठवेल, मलाही आठवला. पण कोनोहिकी मालक नसे. सरदारही मालक नसे. नवा राजा आला की सरदारांना जमिनी नव्यानं वाटून दिल्या जात, आणि कसणारे, म्हणजे माकाआइनाना, जागेवरच राहत. सरदार छळणारा निघाला तर ते दुसरीकडे जाऊ शकत. ही रामराज्याची गोष्ट नव्हे, सरदारांसाठी सक्तीची मेहनत करावी लागे आणि कडक निर्बंध होते. पण विकण्याची वस्तू म्हणून जमीन कुणाच्याच डोक्यात नव्हती.

दुपारी खालच्या मत्स्यतळ्यावर गेलो. जवळजवळ दोन किलोमीटर लांबीची दगडी भिंत अठ्ठ्याऐंशी एकर पाणी कवेत घेऊन बसली आहे. बांधकाम सुमारे आठशे वर्षांपूर्वीचं मानतात. भिंतीत मधेमधे लाकडी पट्ट्यांची दारं, माकाहा. भरतीबरोबर लहान मासे फटींतून आत येतात, आतली शेवाळं खाऊन वाढतात, मग फटीतून बाहेर पडू शकत नाहीत. गोव्यातल्या खाजणांचं मानस, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याचं दार, पाहिलेल्याला हे समजायला वेळ लागत नाही. १९६५च्या पुरात ही भिंत फुटली. २००१ पासून 'पाएपाए ओ हेएइया' ही संस्था तिवरं काढून (ती इथली नाहीत, बाहेरून आणून लावलेली) दगड रचते आहे. डिसेंबर २०१५ मध्ये हजारो माणसांनी साखळी करून हातोहात दगड पोचवले आणि ते खिंडार बुजवलं. भिंतीवरून चालताना भाचीनं पायाखालची जागा दाखवली. दोन दगडी थर, मध्ये प्रवाळाची भर. चुना नाही, सिमेंट नाही. समुद्र आत-बाहेर करत राहतो, भिंत त्याला अडवत नाही.

तिसरा दिवस, रविवार. वायाहोले

आज फक्त खायचं, असं ठरवून निघालो. वायाहोलेला महामार्गालगत पोईचा जुना कारखाना आहे, तिथे हातानं कुटलेली पोई मिळते. उकडलेले कंद लाकडी परातीत दगडी बत्त्यानं कुटतात, ओल्या हातानं उलटत राहतात. गर जांभळट, चिकट, गुळगुळीत. ताजी पोई गोडसर, दोन दिवसांची आंबट. मी खाज सुटेल म्हणून घाबरतच पहिलं बोट लावलं. आपण चिंच-कोकम घालून जे साधतो ते हे लोक तासन्‌तास वाफवून साधतात.

जेवताना मी भावाचा विषय काढला. भाचीनं माझ्या हातावर हात ठेवला. "मावशी, आता नको. पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नसतं. हालोआ बसलाय जेवायला." जेवण संपेपर्यंत मी गप्प राहिले.

मग तिनं मागच्या डोंगराकडे बोट केलं. १९१३ ते १९१६ या काळात ऊस कंपनीनं त्या डोंगराला बोगदे पाडून या बाजूचं पाणी पलीकडच्या कोरड्या मैदानावर नेलं, दिवसाला सुमारे दोन कोटी सत्तर लाख गॅलन. इकडचे ओढे आटले, अळूची खाचरं कोरडी पडली. १९९५ साली तो ऊस बंद झाला, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी पाणी परत मागितलं. २००० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की पाणी ही लोकांची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त. सगळं नाही, पण बरंच पाणी ओढ्यांत परत आलं. याच खोऱ्यात १९७७च्या जानेवारीत कुळांनी महामार्ग अडवला होता. मालक जमीन विकासकाला देणार, यांना हुसकावणार, असं ठरलं होतं. शेवटी राज्यानं सुमारे सहाशे एकर जमीन विकत घेतली आणि कुळं राहिली. त्यांची खाचरं रस्त्यावरून दिसतात.

हवाई भाषेत वाई म्हणजे पाणी, वाईवाई म्हणजे संपत्ती. ज्याच्याकडे पाणी दोनदा, तो श्रीमंत.

चौथा दिवस, सोमवार. अभिलेखागार

इओलानी राजवाड्याच्या आवारातच राज्याचं अभिलेखागार आहे. भाचीला दाखवायचं होतं ते इथे.

माहेले म्हणजे वाटणी. १८४३ साली एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं पाच महिने बेटं बळकावली होती. राज्य गेलं तरी निदान खासगी मालकीची जमीन परके ओरबाडणार नाहीत, या आशेनं तिसऱ्या कामेहामेहानं, म्हणजे कौईकेआओउली राजानं, वाटणी मान्य केली, असं अभ्यासक सांगतात. अमेरिकन सल्लागारांचा दबाव होताच. याच राजाच्या १८४० सालच्या राज्यघटनेत लिहिलं होतं, की जमीन राजाची खासगी नव्हे, ती सरदार आणि लोक यांची सामाईक. आठ वर्षांत, २७ जानेवारी ते ७ मार्च १८४८ या चाळीस दिवसांत, राजा आणि दोनशे चाळीसहून अधिक सरदार यांनी पट्टे आपापसांत वाटून घेतले. राजानं आपल्या वाट्यातला मोठा भाग सरकारकडे दिला.

तिसरा वाटेकरी म्हणजे कसणारे लोक. त्यांच्यासाठी ६ ऑगस्ट १८५० चा कायदा झाला. भाचीनं एका कुटुंबाची नोंद काढून दाखवली. अर्ज आधीच, १४ फेब्रुवारी १८४८ च्या आत, केलेला हवा होता. मग दोन साक्षीदार आणायचे. मोजणीचा खर्च भरायचा. मिळणार ती फक्त प्रत्यक्ष कसलेली जमीन आणि घरापुरता तुकडा, रान नाही, चराई नाही. कागद काय असतो हे कित्येकांना ठाऊक नव्हतं. सरदाराविरुद्ध दावा लावल्यासारखं होईल म्हणून कित्येकांनी अर्जच केला नाही. त्यात १८४८-४९ मध्ये गोवर आणि डांग्या खोकल्याच्या साथींनी घरं रिकामी केली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीतली सुमारे २८,६०० एकर कसणाऱ्यांच्या नावावर झाली. शेकड्यात एकसुद्धा नाही. आणि महिनाभर आधीच, १० जुलै १८५० ला, परदेशी माणसाला जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली होती.

पडद्यावरच्या साक्षीत चतुःसीमा होती: माउका अमक्याची लोई, माकाई ओढा, तिकडे तमक्याचं घर. आपल्या खरेदीखतात असते तशीच. अर्जदारानं आपली खाचरं एक-एक करून मोजून सांगितली होती. मी ती अक्षरं बराच वेळ पाहत बसले. तो माणूस कारकुनासमोर उभा आहे आणि ज्या जमिनीला आजवर कुणी विचारलं नाही 'कुणाची', तिचं उत्तर देतो आहे.

या लहान तुकड्यांना कुलेआना म्हणतात. कुलेआना या शब्दाचा अर्थ हक्कही आणि जबाबदारीही. भाची म्हणाली, इंग्रजी भाषांतरात यातला अर्धाच उतरला. मला जुना 'वतन' शब्द आठवला, त्यातही हक्काबरोबर चाकरी होती. पण वतनात मानपान आणि वरचढपणा होता. कुलेआना अगदी साध्या माणसाचंही असतं, पाट साफ करण्याचंसुद्धा.

मग तिनं त्या काळातल्या एका मोठ्या सनदेतली ओळ दाखवली: "उआ कोए के कुलेआना ओ ना कानाका." इथल्या लोकांचे कुलेआना राखून. सरदाराला किंवा खरेदीदाराला अख्खा आहुपुआआ मिळाला तरी ही अट सोबत येत असे. १८५० च्या कायद्यात ते हक्क नावानिशी आहेत: सरपण, घराचं लाकूड, दोरीचं वाख, शाकारणीचं गवत, ती नावाच्या झाडाची पानं, पिण्याचं आणि वाहतं पाणी, जायची वाट. १९७८ साली राज्यघटनेत पारंपरिक हक्कांचं कलम आलं आणि १९९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे हक्क अजून जिवंत आहेत, हवाईतली खासगी मालकी त्यांच्यासकटच मोजायची. हॉटेल बांधणाऱ्यानंही.

दुपारी राजवाडा बाहेरून पाहिला. १७ जानेवारी १८९३ ला अमेरिकन नौसैनिकांच्या छायेत राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, १८९५ मध्ये याच वाड्याच्या वरच्या खोलीत महिनोन्‌महिने कोंडलं. तिथे तिनं सोबतिणीसह शिवलेली गोधडी काचेत आहे, रेशमी तुकड्यांची, मध्ये तिच्या देशाचे झेंडे. १८९८ साली अमेरिकेनं बेटं जोडून घेतली आणि राजाच्या व सरकारच्या मिळून सुमारे अठरा लाख एकर जमिनी अमेरिकेकडे गेल्या. मोबदला काही नाही. त्याआधी, १८९७ मध्ये, एकवीस हजारांहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या.

१९९३ साली अमेरिकेच्या संसदेनं माफीचा ठराव केला. त्यात स्पष्ट लिहिलंय, की हवाईच्या मूळ लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा आणि राष्ट्रीय जमिनींवरचा हक्क कधीच थेट सोडलेला नाही. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या ठरावानं जमिनीवरचे कायदेशीर अधिकार बदलत नाहीत. दोन्ही वाक्यं मी वहीत एकाखाली एक उतरवली. पर्समधल्या कागदाचं शीर्षक आठवून मला तिथे बसवेना.

पाचवा दिवस, मंगळवार. पापाकोलेआ

शहराच्या डोक्यावर, डोंगरउतारावर, पापाकोलेआ ही वस्ती आहे. १९२१ साली राजपुत्र कुहिओच्या खटपटीनं अमेरिकन संसदेनं सुमारे दोन लाख एकर मूळ हवाईयनांच्या वस्तीसाठी राखून ठेवले. नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा, वर्षाला एक डॉलर भाडं. पण अट अशी, की निम्मं तरी रक्त हवाईयन हवं. चांगल्या पाण्याच्या उसाच्या जमिनी वगळल्या होत्या, म्हणून यांच्या वाट्याला बरीचशी कोरडी, दूरची जमीन आली. आज प्रतीक्षायादीत अठ्ठावीस हजारांहून अधिक नावं आहेत. माणसं यादीत म्हातारी होतात, यादीतच मरतात. या दिरंगाईबद्दल १९९९ साली दाखल झालेला दावा २०२२ मध्ये बत्तीस कोटी ऐंशी लाख डॉलरला मिटला. तेवीस वर्षं. दाव्यातले कित्येक तोवर वारले होते.

भाचीच्या ओळखीच्या एका अंकलच्या ओट्यावर बसलो. त्यांच्याकडे पट्टा आहे. मुलगी यात राहू शकेल, वारसाला पाव रक्त पुरतं आणि तिचं तेवढं भरतं. नात त्यांच्या मांडीवर खेळत होती. ते तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाले, "हिचं भरत नाही." पुढे बोलले नाहीत. आपल्याकडे वारस ठरवताना नातं बघतात. इथे नात्याचे अपूर्णांक करतात, आणि ते आजोबाला मांडीवरच्या पोरीसमोर करावे लागतात. मला हे फार लागलं.

सहावा दिवस, बुधवार. काउआई, हाएना

पहाटेचं विमान, अर्ध्या-पाऊण तासात लिहुए. तिथून भाड्याच्या गाडीनं उत्तरेकडे. वाटेत पिलाआचा भाग लागला. इथे फेसबुकच्या मार्क झुकेरबर्गनं सुमारे सातशे एकर घेतली, आत कुलेआनाचे लहान लहान तुकडे, शेकडो वारसांचे. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या कंपन्यांनी ते वारस ठरवून हिस्से विकायला लावण्यासाठी दावे टाकले, लोक खवळले, जानेवारीत दावे मागे घेतले. उसाच्या मळ्यांनी हाच मार्ग शंभर वर्षं वापरला, तेव्हा बातमी झाली नव्हती. पणजोबाचा तुकडा, दीडशे नावं, कुणी मुंबईसारख्या लांबच्या शहरात, एकाचा हिस्सा विकत घ्यायचा आणि मग वाटणी मागायची. सामाईक सातबारा असलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

हानालेईच्या वरच्या वळणावरून खालचं खोरं दिसलं. अळूची चौकोनी खाचरं, प्रत्येकात ढग. मग एकेरी पूल, समोरच्याला वाट देत देत हाएना. पुढच्या सरकारी उद्यानात दिवसाला नऊशेच पाहुण्यांना प्रवेश, तोही आधी नोंदवून. २०१८ च्या पुरानं रस्ता वर्षभराहून अधिक बंद होता, तेव्हा गावकऱ्यांनी हे ठरवून घेतलं. उद्यानातली जुनी खाचरंही गावचीच मंडळी कसतात.

हाएनाची गोष्ट ऐकायलाच मी आले होते. माहेलेमध्ये हा आहुपुआआ आब्नर पाकी या सरदाराला मिळाला. हेएइयाही त्यालाच. हेएइया त्याची मुलगी बर्निस पौआही हिच्या वारशातून कामेहामेहा शाळांच्या विश्वस्तनिधीकडे गेलं, ते तळं आजही त्यांच्याच मालकीचं. हाएना मात्र विकलं गेलं. आणि १८७५ साली इथल्या साध्या लोकांनी एक हुई, म्हणजे मंडळी, केली, वर्गणी काढली आणि अख्खा आहुपुआआ विकत घेतला. कायदा म्हणत होता मालक व्हा, तर हे मालक झाले, पण सगळे मिळून. घर आणि खाचर ज्याचं त्यानं सांभाळायचं, रान, चराई, समुद्र सगळ्यांचा. जवळजवळ ऐंशी वर्षं असं चाललं. मग काही हिस्से बाहेरच्यांकडे गेले, १९५५ मध्ये वाटणीचा दावा पडला, १९६७ मध्ये वाटणी पुरी झाली. त्यानंतर कर वाढले, किनाऱ्यावर सुट्टीची घरं उठली, आणि हुईतल्या घराण्यांना एक-एक करून निघावं लागलं.

लिमाहुलीच्या बागेत जुनी दगडी खाचरं पाहिली, एकाखाली एक, मकाना डोंगराच्या सुळक्याखाली. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी पडत होतं, बांधाच्या एका ठिकाणी दोन दगड किंचित दूर ठेवलेले, तेवढ्यातून. काम करणाऱ्या मुलाला विचारलं, पाणी कुणी किती घ्यायचं हे कसं ठरत असे? तो म्हणाला, "पाट काढायला जेवढी माणसं पाठवाल, तेवढं पाणी." पुन्हा वाकून त्यानं दगडांत अडकलेली पानं काढली.

हाएनात फोन लागत नव्हता. परत हानालेईला आल्यावर लागला. इथे संध्याकाळ, गावी दुसऱ्या दिवसाची सकाळ.

"सही कधी करतेस?" भाऊ म्हणाला.

"वायंगणाचा पाट कोण काढतं आता?"

"पाट? तीन वर्षं कोणी काढला नाही. तुला काय करायचंय? तू येणारेस का काढायला?"

"येते," मी म्हटलं. "दिवाळी झाली की येते. खोरं आहे ना घरात?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दांडा बदलायला हवा."